आयडा टार्बेल यांचा ‘स्टँडर्ड ऑइल’चा इतिहास: कुठली प्रत घ्यावी, कुठून वाचावी

निकाल आधीच सांगितलेला बरा. आयडा टार्बेल यांचं ‘द हिस्टरी ऑफ द स्टँडर्ड ऑइल कंपनी’ वाचायचं ठरवलं असेल, तर 1904 ची दोन खंडांची पूर्ण आवृत्ती घ्या, परिशिष्टांसकट. एका खंडातली संक्षिप्त आवृत्ती सुबक आहे, पण तिच्यात दावे राहिलेत आणि पुरावे गेलेत. दुसरं म्हणजे, पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करू नका. आणि शेजारी कागद-पेन्सिल असू द्या. हे पुस्तक वाचण्यापेक्षा ताडून पाहण्याचं आहे.

मुळात ही लेखमाला. न्यूयॉर्कच्या ‘मॅक्लुअर्स मॅगझिन’मध्ये नोव्हेंबर 1902 ते ऑक्टोबर 1904 या काळात ती 19 हप्त्यांत आली आणि संपली त्याच वर्षी पुस्तक झालं. विषय एकच: जॉन डी. रॉकफेलर यांची ‘स्टँडर्ड ऑइल’ ही क्लीव्हलँडची तेल शुद्ध करणारी कंपनी तीस वर्षांत अमेरिकेच्या जवळजवळ सगळ्या तेलधंद्याची मालकीण कशी झाली. लेखिका तेलाच्याच मुलखातली, म्हणजे पश्चिम पेनसिल्व्हेनियातली. जन्म नोव्हेंबर 1857 चा, पेनसिल्व्हेनियाच्या एरी परगण्यातला. अमेरिकेतल्या तेलधंद्याची सुरुवात जिच्यापासून मानतात त्या टायटसव्हिलजवळच्या ड्रेकच्या विहिरीला 27 ऑगस्ट 1859 रोजी साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागलं तेव्हा त्यांना दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. वडील फ्रँकलिन टार्बेल तेल साठवायच्या लाकडी टाक्या बनवत. 1876 मध्ये टार्बेलबाई अ‍ॅलेघेनी कॉलेजात गेल्या, त्या वर्षीच्या तुकडीत एकट्याच मुलगी. 1880 ला पदवी घेतली. पुढे ‘शोटॉक्वन’ मासिकात संपादनाचं काम केलं आणि 1891 मध्ये पॅरिस गाठलं. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या मादाम रोलाँ यांचं चरित्र लिहायचं म्हणून तिथल्या ग्रंथालयांत बसून जुने कागद चाळले. ते चरित्र आज फारसं कोणी वाचत नाही, पण कागद वाचायची शिस्त तिथली, आणि रेल्वेचे करार उलगडताना तीच कामी आली.

(जाता जाता: आपला ‘रॉकेल’ हा शब्द ‘रॉक ऑइल’वरूनच आलेला. ड्रेकच्या विहिरीमागे जी मंडळी होती त्यांच्या पहिल्या कंपनीच्या नावातही हेच दोन शब्द होते.)

आता प्रतींबद्दल. अमेरिकेत या पुस्तकाचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे, त्यामुळे दमडीही न मोजता दोन्ही खंड मिळतात. इंटरनेट आर्काइव्हवर मूळ छपाईचं स्कॅन आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर स्वयंसेवकांनी तपासलेला मजकूर आहे. वाचायला गुटेनबर्गची प्रत सोयीची, उद्धृत करायला स्कॅन, कारण संशोधक ज्या पानांचे आकडे देतात ते स्कॅनमध्ये जागच्या जागी सापडतात. टाळायची ती स्कॅनमधून यंत्राने आपोआप काढलेली कच्ची मजकूर-फाइल. तिच्यात अपूर्णांक बिघडतात: अडीच सेंटचे कधी एकवीस होतात, आणि ज्या पुस्तकाचा सगळा वाद बॅरलमागे किती सेंट यावर उभा आहे, तिथे एवढ्या चुकीने अख्खा परिच्छेद निरर्थक ठरतो. तक्त्यांचे रकाने एकमेकांत मिसळतात. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द तुटलेलेच राहतात, म्हणून ‘ड्रॉबॅक’ (तो काय ते पुढे येईलच) शोधलं तर निम्मी ठिकाणं दिसतच नाहीत. छापील हवी असेल तर मागणीनुसार छापणाऱ्यांच्या प्रती विकत मिळतात. त्यातल्या पुष्कळशा याच कच्च्या फाइलीवरून काढलेल्या असतात. पैसे भरण्याआधी नमुना पानांत एखादा तक्ता शोधून पाहा. तो नीट असेल तर बाकीचंही बहुधा नीट असतं.

संक्षिप्त आवृत्ती इतिहासकार डेव्हिड चाल्मर्स यांनी 1966 मध्ये तयार केली. कापाकापी जाणकाराची आहे, ओघ कुठे तुटत नाही. फक्त जे गेलं तेच नेमकं हवं होतं. मूळ दोन्ही खंडांच्या शेवटी परिशिष्टांचा मोठा गठ्ठा आहे: करार, प्रतिज्ञापत्रं, चौकशी समित्यांपुढच्या जबान्या, कोर्टाचे निकाल. टार्बेलबाई आपलं म्हणणं मांडतात आणि कागद समोर टाकतात. तो कागद काढून घेतला की उरते ती एका बाईची कैफियत, आणि मग ‘ही तर रॉकफेलरवर खार खाऊन होती’ म्हणायला कोणीही मोकळा.

सुरुवात दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकरणापासून करावी. पहिलं प्रकरण वाईट नाही, उलट लेखन म्हणून सगळ्यांत देखणं तेच. पिंपं वाहणारे गाडीवान, 1865 मध्ये सॅम्युएल व्हॅन सायकलने पिटहोलहून टाकलेली पहिली यशस्वी पाइपलाइन, रातोरात उठलेली गावं, सगळं आहे त्यात. अडचण ही की आपल्या मुलखाबद्दलची माया त्यात लपत नाही, आणि पुरावा पाहण्याआधीच वाचक सावध होतो. त्याच पिटहोलबद्दल एक गोष्ट त्यांच्या आत्मचरित्रात येते: गाव ओस पडल्यावर वडिलांनी तिथलं बाँटा हाउस नावाचं मोठं हॉटेल 600 डॉलरला घेतलं आणि त्याच्या लाकडांतून, दारा-खिडक्यांतून टायटसव्हिलला घर बांधलं. ते घर आजही उभं आहे.

दुसऱ्या प्रकरणात साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनीचा करार येतो. तो नीट समजला तर निम्मं पुस्तक समजलं. म्हणून इथे थांबावं, परिशिष्टातला मूळ करार उघडावा आणि आकडे स्वतः मांडावेत. 1872 च्या जानेवारीत पेनसिल्व्हेनिया, ईरी आणि न्यूयॉर्क सेंट्रल या तीन रेल्वे कंपन्यांनी मूठभर तेल शुद्धीकरणवाल्यांच्या या कंपनीशी (स्टँडर्डची मंडळीही तिच्यात होती) गुपचूप ठरवलं की तेलाची वाहतूक आपसात वाटून घ्यायची: पेनसिल्व्हेनियाला 45 टक्के, उरलेल्या दोघींना साडेसत्तावीस-साडेसत्तावीस. त्या बदल्यात भाडं सगळ्यांसाठी वाढवायचं आणि आतल्या मंडळींना त्यातला हिस्सा परत द्यायचा. तेलाच्या मुलखातून क्लीव्हलँडला कच्च्या तेलाच्या बॅरलचा दर 80 सेंट, रिबेट 40. इथवर रोजचंच, रिबेट त्या काळी बहुतेक मोठे ग्राहक मागत आणि रेल्वेवाले देत.

खरी मेख पुढे आहे. बाहेरच्या माणसाने 80 सेंट भरले की त्यातलेही 40 या कंपनीलाच मिळणार. याला ‘ड्रॉबॅक’ म्हणत. हिशेब करून पाहा. आतल्याने 100 बॅरल आणले, तर त्याचा खर्च 40 डॉलर. बाहेरच्याने 100 बॅरल आणले, तर त्याचा खर्च 80 डॉलर, आणि त्यातले 40 आतल्या गोटात. बाहेरच्याने आतल्याइतकाच माल आणला, तर आतल्यांची वाहतूक जवळजवळ फुकट होते. स्पर्धक जितका धंदा करील तितका तो आपल्याच गळ्याभोवतीचा फास आवळील, अशी ही रचना. शिवाय करारात एक कलम असं की तेलाच्या प्रत्येक पाठवणीचा तपशील रेल्वेने या कंपनीला कळवायचा. कोणाचा माल, किती, कुठे चालला, हे रोजच्या रोज. बरेच वाचक हे कलम किरकोळ समजून पुढे जातात. जाऊ नये, दहाव्या प्रकरणात तेच फिरून भेटतं.

तिसऱ्या प्रकरणात तेलमुलखाचा उठाव आहे. फेब्रुवारीच्या शेवटी वाढीव दर बाहेर फुटले, टायटसव्हिलच्या ऑपेरा हाउसमध्ये सभा भरली, उत्पादकांनी या मंडळींना तेल द्यायचं बंद केलं. मार्चअखेर रेल्वे कंपन्या नमल्या आणि एप्रिलमध्ये कंपनीची सनद रद्द झाली. या करारानुसार एक बॅरलही गेलं नाही, हे टार्बेलबाईंवर टीका करणारे आवर्जून सांगतात आणि ते खरंही आहे. पण करार नुसता हवेत असताना क्लीव्हलँडमध्ये काय झालं तेही पाहावं: त्यांच्या हिशेबाने 26 पैकी किमान 21 शुद्धीकरणवाल्यांनी त्या थोड्याशा आठवड्यांत आपले कारखाने स्टँडर्डला विकून टाकले.

इथून सरळ अकराव्यावर उडी मारावी. योजना मेली म्हणून युक्ती मेली नाही, हे तिथे जॉर्ज राइसच्या प्रकरणात दिसतं. ओहायोतल्या मॅरिएटाचा हा छोटा कारखानदार. 1885 मध्ये स्थानिक रेल्वेने त्याचं भाडं जवळपास दुप्पट करून बॅरलमागे 35 सेंट केलं, स्टँडर्डकडून मात्र 10 घ्यायचे ठरवले. आणि राइसच्या 35 मधले 25 स्टँडर्डला द्यायचे. तेरा वर्षांपूर्वीचा ड्रॉबॅक, तसाच्या तसा. कोर्टात जाईपर्यंत ही रक्कम फक्त 340 डॉलर झाली होती. रक्कम क्षुल्लक आहे म्हणून प्रकरण क्षुल्लक ठरत नाही. रेल्वेच्या अधिकाऱ्याने आधी वकिलाला पत्र लिहून ‘हे कायद्यात बसेल का’ असं विचारलं होतं, तो पत्रव्यवहार पुराव्यात आला. अख्ख्या पुस्तकातली सर्वांत पक्की बाजू हीच.

मग दहावं, स्पर्धकांच्या मालावर पाळत ठेवण्याबद्दलचं. ही माहिती हाती कशी आली, ते मूळ पुस्तकात नाही. 1939 च्या ‘ऑल इन द डेज वर्क’ या आत्मचरित्रात आहे, म्हणून ते दोन्ही एकत्र वाचावं. स्टँडर्डच्या एका कचेरीत दर महिन्याला जुने कागद जाळायचं काम एका पोऱ्याकडे होतं. एकदा त्या कागदांवर त्याला ओळखीचं नाव दिसलं, त्याच्या संडे स्कूलच्या शिक्षकाचं; तो गृहस्थ स्वतंत्र शुद्धीकरणवाला होता. रेल्वेच्या कचेऱ्यांतून त्याच्या मालाची खबर स्टँडर्डकडे जात होती. पोराने कागद त्यालाच नेऊन दिले आणि तिथून ते टार्बेलबाईंपर्यंत आले. त्यांनी पोराचं नाव शेवटपर्यंत फोडलं नाही.

या प्रकरणाची किंमतही मोजावी लागली. स्टँडर्डच्या सर्वोच्च वर्तुळातले हेन्री एच. रॉजर्स 1902 पासून त्यांना नियमित भेटत, 26 ब्रॉडवेवरच्या मुख्यालयात बसून प्रश्नांची उत्तरं देत. हेरगिरीचा हप्ता छापून आला आणि रॉजर्सनी त्यांच्याशी संबंध तोडले. पुस्तक वाचताना एक लक्षात ठेवलं तर पुष्कळ जागा उलगडतात: आरोपीच्या गोटातल्या माणसाचं म्हणणं लेखिकेने आधी ऐकून घेतलेलं आहे. बाराव्या प्रकरणात तर त्याचा फायदा त्यालाच मिळाला. बफेलोच्या एका प्रतिस्पर्धी कारखान्यात स्फोट घडवल्याचा डाग रॉजर्सना पुसून हवा होता, आणि कोर्टाची कागदपत्रं पाहून टार्बेलबाईंनी स्टँडर्डच्या वरच्या मंडळींना त्यातून मोकळं केलं आहे.

सोळावं प्रकरण, तेलाच्या भावाचं, बहुतेक जण चाळून सोडतात. आकड्यांचा कंटाळा नसेल तर सोडू नका. आलेखात कच्च्या आणि शुद्ध तेलाच्या भावाच्या दोन रेषा आहेत, आणि पाहायची ती दोन्हींमधली फट. अडतं इथे: कच्चं तेल बॅरलने विकलं जातं, शुद्ध तेल गॅलनने. बॅरल 42 गॅलनचं, म्हणजे सुमारे 159 लिटरचं. बॅरलचा भाव 42 ने भागावा. 1 डॉलर 26 सेंटचं बॅरल म्हणजे गॅलनला 3 सेंट. एवढं केलं की आलेख बोलू लागतो. नुसत्या मजकुराच्या फाइलीत हा आलेख नसतोच, तेव्हा या प्रकरणापुरतं तरी स्कॅन उघडावं.

त्यानंतरचं सतरावं वाचल्याशिवाय पुस्तकाबद्दल मत देऊ नये. त्यात स्टँडर्डच्या धंद्याची, शिस्तीची, काटकसरीची मोकळेपणाने तारीफ आहे. डबे, पिंपं, रसायनं, जे जे लागेल ते स्वतः बनवायचं, काही वाया जाऊ द्यायचं नाही. इतकं कर्तृत्व असताना गैरमार्गाची गरज काय होती, असा त्यांचा रोख आहे, आणि तो तारीफ खरी असल्यामुळेच बोचतो.

चौदाव्या प्रकरणाच्या शीर्षकाने हमखास फसगत होते. ‘ट्रस्टची फाळणी’ (ट्रस्ट म्हणजे अनेक कंपन्या एका मुठीत ठेवणारी व्यवस्था) म्हटल्यावर वाचकाला 1911 आठवतं. पुस्तक 1904 चं आहे! इथली फाळणी ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1892 च्या निकालानंतरची. ती कागदावर झाली आणि 1899 मध्ये न्यू जर्सीची कंपनी सगळ्यांच्या डोक्यावर बसवून मोडीत निघाली. खरी फाळणी पुढची: 1906 मध्ये केंद्र सरकारचा खटला, 15 मे 1911 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि 34 कंपन्या. त्याचं श्रेय एकट्या पुस्तकाला देणं जास्तीचं होईल. ब्युरो ऑफ कॉर्पोरेशन्स या सरकारी खात्याचा तेलवाहतुकीवरचा 1906 चा अहवालही त्यामागे होता.

उणिवा आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. पहिल्या खंडातली विधवेची कहाणी वाचताना डोळे पाणावतात. 1878 मध्ये मिसेस बॅकस यांना आपला कारखाना मातीमोलाने विकावा लागला असा तिचा सूर आहे. पुढे अ‍ॅलन नेव्हिन्ससारख्या चरित्रकारांनी कागद तपासले तेव्हा 79 हजार डॉलरचा तो सौदा अन्यायाचा ठरेना. भाव पाडून स्पर्धक संपवण्याबद्दलच्या दाव्यांवरही अर्थतज्ज्ञ जॉन मॅकगी यांनी 1958 च्या लेखात गंभीर आक्षेप घेतले. त्यांच्या मते प्रतिस्पर्ध्याला तोटा सोसून बुडवण्यापेक्षा विकत घेणंच स्टँडर्डला परवडत होतं आणि तिने बहुतेक तेच केलं. पंधराव्या प्रकरणात स्वतंत्र उत्पादकांच्या प्युअर ऑइल कंपनीची बाजू फार उजळ दिसते. लेखिकेचा भाऊ विल्यम त्याच कंपनीत पदाधिकारी होता, हे लक्षात ठेवून ते वाचावं. आणि 1905 मध्ये ‘मॅक्लुअर्स’मध्ये आलेलं रॉकफेलरचं व्यक्तिचित्र पुस्तकाच्या आधी तरी मुळीच वाचू नये. केस गळलेल्या, आजारी माणसाच्या चेहऱ्यावरून स्वभाव ताडण्याचा तो प्रकार पुस्तकाच्या संयमापुढे फारच खुजा वाटतो.

त्यांचं बाकीचं लेखन याच ताकदीचं असेल अशी अपेक्षा ठेवू नये. 1900 चं दोन खंडांतलं लिंकनचरित्र मेहनतीचं आहे, कागदपत्रं गोळा करण्याचा झपाटा तिथेही दिसतो. मात्र 1928 मध्ये ‘अटलांटिक’ मासिकाने छापलेल्या लिंकन आणि त्यांची तरुणपणची प्रेयसी म्हणून सांगितली जाणारी अ‍ॅन रटलेज यांच्या बनावट पत्रांना सुरुवातीला त्यांनीही खरी मानलं होतं, हे विसरू नये. 1912 चं ‘द बिझनेस ऑफ बीइंग अ वूमन’ आज वाचवत नाही. स्वतः आयुष्यभर एकटीने कमावून खाणाऱ्या या बाई स्त्रियांच्या मताधिकाराच्या विरोधात होत्या.

संशोधनाची रीत शिकायची असेल तर मात्र हाच ग्रंथ. एकच उदाहरण पुरे. साउथ इम्प्रूव्हमेंटवरची 1873 ची एक पुस्तिका बाजारातून नाहीशी झाली होती. स्टँडर्डने प्रती विकत घेऊन नष्ट केल्या असं तेलमुलखात बोललं जाई. टार्बेलबाईंना तिची प्रत न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात अ‍ॅडलेड हॅसे या ग्रंथपालबाईंच्या मदतीने मिळाली. क्लीव्हलँडमधली शोधाशोध जॉन सिडॉल या तरुण संपादकाकडे होती. पत्रांतून प्रश्न जात, उत्तरं येत. त्यांचे कागद अ‍ॅलेघेनी कॉलेजने जपले आहेत आणि त्यातले बरेच ऑनलाइन पाहता येतात. परिशिष्टातली एखादी जबानी आणि तिच्यावरून मूळ मजकुरात उतरलेला परिच्छेद शेजारी ठेवून पाहा. काय घेतलं, काय गाळलं, कुठे आवाज चढवला, सगळं दिसतं.

शेवटची व्यवहाराची बाब. संकेतस्थळांवर दोन्ही खंडांची नावं सारखीच असतात आणि पुष्कळ जण पहिलाच खंड दोनदा उतरवून घेतात. पहिल्यात 1 ते 8 प्रकरणं आहेत, दुसऱ्यात 9 ते 18. तुमच्या दुसऱ्या फाइलीत पहिल्याच प्रकरणात समुद्रकिनाऱ्यापर्यंतच्या पाइपलाइनची लढाई सुरू होत असेल, तर फाइल बरोबर आहे.